हातचा

लहानपणीं गणिताच्या तासाला आमच्या हातून जे अपराध घडले त्यांत हातचा विसरण्याच्या अपराधाला पहिला मान द्यावा लागेल. सात आठें छप्पन. सहा मांडावे, पांच हातचे. सहा मांडण्यांत आमची चूक सहसा होत नसे. परंतु ते पांच, पुढच्या घराकडे जातां जातां, कोठें गळून पडत हें आम्हांसही कधीं कळलें नाहीं व आमच्या गुरुजींसही कळलें नाहीं. "हातचे कुठें आहेत?" असें गुरुजी दरडावून विचारीत, आणि आम्ही भाबडेपणानें तळहात उघडून पुढें करीत असूं. समोरच्या माणसाच्या हातांत छडी असतांना तळहात पुढें करूं नये, एवढें व्यवहारज्ञान आम्हांस बरेंच उशिरां आलें.

हा विसरभोळेपणा आमच्यापुरताच आहे अशी आमची समजूत होती. पुढें पोटासाठीं संगणकाच्या नादीं लागल्यावर असें आढळून आलें कीं, एका क्षणांत कोट्यवधि गुणाकार करणारें हें यंत्र हातच्याच्या बाबतींत आमच्याहून फारसें निराळें वागत नाहीं. आणि त्याला छडी मारण्याचीही सोय नाहीं.

आमचा धंदा ड्रायव्हर लिहिण्याचा. ड्रायव्हर म्हटल्याबरोबर आमच्या मावशींच्या डोळ्यांपुढें मोटार उभी राहते, व एवढें शिकून मुलानें हें काय पत्करलें म्हणून त्या अद्यापि हळहळतात. वाचकांचा तसा ग्रह होऊं नये म्हणून खुलासा करतों. संगणकाच्या पोटांत सर्व कारभाराचीं सूत्रें हातीं धरून बसलेला जो मुख्य कार्यक्रम असतो त्याला कर्नेल म्हणतात. पलटणींतल्या कर्नलाशीं त्याचें नातें नाहीं. कर्नेल म्हणजे गाभा. ह्या गाभ्यांत राहून बाहेरच्या एखाद्या उपकरणाशीं त्याच्या बोलींत बोलणारा जो दुभाषा, तो ड्रायव्हर. दुभाष्यानें दरबारांत बसावयाचें असल्यामुळें त्याची चूक ही दरबाराचीच चूक होते, ही ह्या धंद्यांतली मुख्य अडचण आहे.

ह्या दुभाष्याला आपल्या कामासाठीं थोडी स्मृति, म्हणजे जागा, लागते. ती कर्नेलापाशीं मागावी लागते, आणि मागतांना बाइटांचा आंकडा सांगावा लागतो. बाइट हें त्या जागेचें माप. आमच्या मतें कर्नेल हा एका अवाढव्य चाळीचा मालक आहे. 'इतकी जागा द्या' म्हटलें कीं तो देतो. कशासाठीं, किती माणसांसाठीं, हें विचारीत नाहीं. पण ह्या चाळींत एक मोठें वैगुण्य आहे. तिच्या बिऱ्हाडांमध्यें भिंती नाहींत. जमिनीवर खडूच्या रेघा ओढलेल्या आहेत, एवढेंच. चार माणसांची जागा घेऊन आंत चाळीस माणसें आणलीं, तर छत्तीस माणसें शेजाऱ्यांच्या अंथरुणांवर जाऊन निजतील, आणि त्यांना कोणी हटकणार नाहीं. लिनक्सचा कर्नेल व त्याचे बहुतेक ड्रायव्हर ज्या सी नांवाच्या भाषेंत लिहिले आहेत, तिनें भिंती बांधण्याचें काम लिहिणाराच्या शहाणपणावर सोंपविलें आहे. त्या शहाणपणाची कथा पुढें येईलच.

जागा मागतांना करावा लागणारा हिशेब तिसरींतल्या मुलालाही येईल असा असतो. आमचा एक ड्रायव्हर मोजमाप घेणाऱ्या एका कार्डासाठीं होता. कार्डावर कांहीं वाहिन्या असत, आणि प्रत्येक वाहिनीच्या माहितीला १६ बाइट लागत. त्या सर्वांच्या डोक्यावर ४८ बाइटांचें एक मथळ्याचें खातें असे. वाहिन्या आठ. आठ सोळें एकशें अठ्ठावीस, अधिक अठ्ठेचाळीस, म्हणजे १७६. वाहिन्या किती हें कार्डालाच विचारावयाचें, त्यानें सांगितलेल्या आंकड्याला सोळानें गुणावयाचें, अठ्ठेचाळीस मिळवावयाचे, आणि येईल ती संख्या चाळीच्या मालकापुढें ठेवावयाची. एका ओळीचें काम. तें आम्हीं एका ओळींतच केलें होतें, आणि त्या ओळीबद्दल आम्हांस थोडासा अभिमानही होता.

आतां हातच्याकडे वळूं. ज्या जातीच्या यंत्राची ही गोष्ट आहे त्यांत संख्या मांडावयास ३२ घरें असतात, आणि प्रत्येक घरांत शून्य किंवा एक, एवढेंच बसतें. ह्या ३२ घरांत मावणारी मोठ्यांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. तींत एक मिळविला कीं सगळीं घरें शून्य होतात आणि एक हातचा उरतो. त्याला मांडावयास तेहतिसावें घर नाहीं. घड्याळांत बारानंतर पुन्हां एक वाजतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, घड्याळ पाहणाराला मध्यंतरीं दुपार होऊन गेल्याचें ठाऊक असतें. गुणाकाराचें उत्तर चार अब्जांच्या पलीकडे गेलें कीं पलीकडचें सारें सांडून जातें आणि तळाशीं राहिलेलें गाळसाळ उत्तर म्हणून हातीं येतें. तें उत्तर पुष्कळदां अगदीं लहान असतें, आणि लहान मागणी मालक आनंदानें मंजूर करतो.

यंत्रावर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. तें हातचा विसरत नाहीं. ज्या यंत्रांशीं आमचा संबंध आला त्या इंटेलच्या पठडींतल्या प्रोसेसरांत, उत्तर घरांत मावलें नाहीं तर एका बाजूच्या लहानशा खुणेवर तशी नोंद होते. परंतु सी भाषेंत ती खूण सरळ विचारण्याची सोय नव्हती, आणि न विचारलेली ती खूण पुढच्याच एखाद्या हिशेबानें पुसून जाई. २०१५ सालीं निघालेल्या जीसीसी ह्या कंपायलरच्या पांचव्या आवृत्तीनें 'गुणाकार कर, आणि मावला कीं नाहीं तेंही सांग' असें विचारण्याचा मार्ग करून दिला. म्हणजे सेवक इतकीं वर्षें खरें सांगावयास उभा होता, आणि धनी त्याच्याकडे पाहात नव्हता. हें कळल्यापासून आम्हांस त्या लहानशा खुणेविषयीं विलक्षण आदर वाटतो.

ही भीति काल्पनिक नव्हे. २००२ सालीं ओपनएसएसएच ह्या कार्यक्रमांत हेंच घडलेलें सांपडलें. दुरून एखाद्या संगणकांत सुरक्षितपणें शिरतां यावें म्हणून तर हा कार्यक्रम केलेला. तो समोरच्याला प्रश्न विचारी, आणि किती उत्तरें येणार हें समोरच्यानेंच सांगावयाचें असे. प्रत्येक उत्तरासाठीं चार बाइट. समोरच्यानें जर सांगितलें कीं १०७३७४१८२४ उत्तरें येत आहेत, तर त्याची चौपट होते ४२९४९६७२९६, म्हणजे बरोबर एक हातचा आणि बत्तीस शून्यें. जागा मागितली जाई शून्य बाइटांची, आणि उत्तरें येऊं लागत. दाराला कुलूप लावणाऱ्यानेंच दाराची चौकट मोजतांना हातचा टाकला होता. त्याच वर्षीं असेंही उघडकीस आलें कीं, 'इतक्या वस्तु, एवढ्या मापाच्या' अशी निराळी विचारणा करून जागा देणारें जें कॅलॉक नांवाचें साधन सीमध्यें आहे, तें अनेक संग्रहांतून आंतल्या आंत तोच उघडा गुणाकार करीत होतें. ज्याच्याकडे विश्वासानें काम सोंपवावें त्याचाच हिशेब कच्चा!

लिनक्समध्यें ह्यावर जो उपाय झाला त्याचा मोठा भाग २०१८ सालच्या ४.१८ ह्या आवृत्तींत आला. रासमुस व्हिलेमोस ह्यांनीं त्या कंपायलरच्या नव्या प्रश्नाला कर्नेलांत जागा करून दिली, आणि केस कुक ह्यांनीं तिच्यावर जागा मोजण्याचीं साधनें उभारलीं. त्यांतल्या एकाचें नांव स्ट्रक्ट-साइझ. मथळ्याचें खातें कोणतें, खालच्या ओळी कोणत्या आणि त्या किती, एवढें त्याला सांगावयाचें. गुणाकार-बेरीज तें करतें. शेंकडों ड्रायव्हरांतले उघडे गुणाकार त्याच सुमारास एका यांत्रिक साधनानें बदलून टाकण्यांत आले. त्या साधनाचें नांव कॉक्सिनेल, म्हणजे फ्रेंच भाषेंत पाठीवर ठिपके असलेला तो मावा खाणारा किडा. किड्यानें कीड खावी, ही कल्पना आम्हांस आवडली.

परंतु ह्या स्ट्रक्ट-साइझचें मर्म आम्हांस कित्येक दिवस कळलें नव्हतें. सुरक्षित हिशेब म्हणजे अधिक बरोबर हिशेब, अशी आमची कल्पना. वस्तुतः उत्तर मावत नसलें म्हणजे हें साधनही बरोबर उत्तर देऊं शकत नाहीं. तेहतिसावें घर त्याच्यापाशींही नाहीं. तें अशा वेळीं जाणूनबुजून चुकीचें उत्तर देतें: मावूं शकणारी मोठ्यांत मोठी संख्या. एवढी जागा जगांतला कोणताही कर्नेल देणार नाहीं, आणि मागणी फेटाळली जाते. ड्रायव्हर हात हालवीत परत येतो, त्याच्या मालकाला निरोप मिळतो कीं जागा नाहीं, आणि शेजाऱ्याचें अंथरूण सुरक्षित राहतें. लहान चूक मंजूर होते, मोठी चूक नामंजूर होते. म्हणून चुकावयाचेंच तर मोठें चुकावें. आम्हीं लहानपणीं हातचा विसरून नेहमीं लहानच उत्तरें काढलीं. ह्या युक्तीची आठवण तेव्हां असती तर गुरुजींना निदान लागलीच संशय तरी आला असता.

आतां आमच्या शहाणपणाची गोष्ट. २०१९ सालीं आमच्या कचेरींत एक मुलगी नव्यानें लागली. बोलणें थोडें, वाचणें पुष्कळ. दोन महिन्यांत तिनें आमचे सर्व ड्रायव्हर वाचून काढले, आणि एके दिवशीं त्रेचाळीस ठिकाणचे उघडे गुणाकार काढून तेथें स्ट्रक्ट-साइझ बसविणारी एक दुरुस्ती आमच्यापुढें ठेवली. कर्नेलाच्या कागदपत्रांत त्याज्य गोष्टींची एक यादी आहे, तींत उघड्या गुणाकाराचें नांव आहे, हेंही तिनें नम्रपणें लिहिलें होतें. दुरुस्ती तपासण्याचें काम आमचें.

आम्हांस राग आला, असें म्हणवत नाहीं. पण प्रसन्नता वाटली नाहीं हें खरें. त्रेचाळीसांपैकीं एकतीस ओळी आमच्या होत्या. एके ठिकाणीं तर आम्हीं खालच्या ओळींचा पहिला नग मथळ्यांतच धरला होता व पुन्हां बाहेरही मोजला होता, त्यामुळें एक घर फुकट जात होतें. त्यावर आम्हीं उत्तर लिहिलें, 'जास्त आहे, कमी नाहीं.' आणि मोजमापाच्या कार्डाच्या त्या अभिमानाच्या ओळीपाशीं लिहिलें, 'येथें आंकडा आठाच्या वर जात नाहीं. अनावश्यक.'

ती आमच्या टेबलापाशीं आली. म्हणाली, "सर, आठ हा आंकडा आपण सांगत नाहीं. कार्ड सांगतं."

"कार्ड आपलंच आहे," आम्ही म्हणालों.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग "बरं सर" म्हणून गेली. त्या 'बरं'मध्यें आमचें समाधान झालें होतें, हें आज लिहितांना संकोच वाटतो. वर्षाच्या आंत ती दुसरीकडे गेली. तिची दुरुस्ती आमच्या टपालाच्या एका कोपऱ्यांत पडून राहिली.

२०२१ च्या पावसाळ्यांत एका कारखान्यांतून तक्रारी येऊं लागल्या. तेथें यंत्राचे भाग हादरवून तपासण्याचा एक मंच होता, आणि त्याचीं मोजमापें आमचें कार्ड घेत असे. संगणक मधूनच मरून पडे. केव्हां मरेल ह्याचा नेम नाहीं. मंच बंद होऊन दोन दोन तास झाल्यावरही मरे. मरतांना जी नोंद मागें राही तींत दर वेळीं निराळें नांव. पांचपैकीं तीन वेळां नेटवर्कच्या ड्रायव्हराचें नांव निघालें. तो ड्रायव्हर सांभाळणारे गृहस्थ आमच्याच मजल्यावर बसत. आम्हीं त्यांना जाऊन सांगितलें, "तुमचा हिशेब एकदां नीट तपासा." त्यांनीं तीन आठवडे तपासला. रात्री जागले, घरीं बोलणीं खाल्लीं, आणि एक चूक सांपडली नाहीं म्हणून चारचौघांत आमच्याकडून ऐकूनही घेतलें. प्रेत ज्याच्या ओटीवर सांपडलें त्याला आम्हीं आरोपी ठरविलें होतें.

चौथ्या आठवड्यांत त्या गृहस्थांनींच कर्नेलाची एक तपासणीची सोय चालू केली. तींत प्रत्येक बिऱ्हाडाच्या कडेला एक राखीव पट्टा ठेवतात, त्यांत ठरलेलें चिन्ह भरतात, आणि तें चिन्ह कोणी तुडविलें तर ज्याच्या बिऱ्हाडांतून पाऊल बाहेर पडलें त्याचें नांव छापून काढतात. दुसऱ्या दिवशीं नांव छापून आलें. तें आमच्या ओळीचें होतें. ३२ बाइट मागितले होते, आणि लिहिले होते १७६.

बत्तीस! मथळाच अठ्ठेचाळीसांचा, वाहिन्या मुळींच नसल्या तरी अठ्ठेचाळीस हवेत. शून्याहून कमी वाहिन्या कोणीं सांगितल्या? छापलेल्या नोंदींत वाहिन्यांच्या जागीं बत्तीसच्या बत्तीस एक होते. तेव्हां उलगडा झाला. मंचाच्या हादऱ्यांनीं कार्डाचा सांधा मधून मधून सैल होत होता. कार्ड अडलें म्हणजे ड्रायव्हर त्याला पुन्हां सज्ज करी, व सज्ज करतांना पुन्हां विचारी, 'वाहिन्या किती?' आणि ह्या जातीच्या यंत्रांत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारें पलीकडे कोणी नसलें, तर सगळ्या तारांवर एक वाचला जातो. गैरहजर कार्डाचें उत्तर होतें ४२९४९६७२९५. ३२ घरांच्या गणितांत ही संख्या उणें एकासारखी वागते. उणें एक गुणिलें सोळा, अधिक अठ्ठेचाळीस: बत्तीस. मालकानें तें तत्काळ मंजूर केलें. आणि आम्हांस आठाची इतकी खात्री होती कीं, माहिती भरण्याच्या ठिकाणीं आम्हीं कार्डाचा आंकडा न घेतां सरळ आठ लिहून टाकला होता. मोजतांना कार्डावर विश्वास, भरतांना स्वतःवर. एकशें चव्वेचाळीस बाइट शेजाऱ्यांच्या अंथरुणांवर गेले, आणि यंत्र शांतपणें चालत राहिलें. शेजारी झोपेंतून उठेपर्यंत.

कोणी म्हणेल कीं, येथें खरा उपाय म्हणजे बत्तीस एक दिसतांच कार्ड गैरहजर आहे हें ओळखणें, आणि वाहिन्यांना आठाची मर्यादा घालणें. तें आम्हांस मान्य आहे, आणि तेंही आम्हीं केलें. स्ट्रक्ट-साइझ मावणाऱ्या मूर्खपणाला अडवीत नाहीं. कार्डानें दहा लक्ष वाहिन्या सांगितल्या तर तें निमूटपणें दीड कोटीच्या वर बाइट मोजून देईल. परंतु मर्यादा घालावयास मर्यादा सुटेल ही शंका तरी यावी लागते, आणि ती शंका आम्हांस दोन वर्षांपूर्वीं टेबलापाशीं येऊन कोणी सांगितली असतांही आली नव्हती. शंका न आलेल्या माणसासाठींच हें साधन आहे.

आम्हीं त्या गृहस्थांची माफी मागितली. ते म्हणाले, "असूं द्या, होतं असं." त्यांच्या पत्नी मात्र आमच्याशीं पुढें कित्येक महिने बोलल्या नाहींत, आणि आम्हांस तेंच अधिक न्यायाचें वाटलें.

मग टपालाच्या कोपऱ्यांतून ती जुनी दुरुस्ती काढली. त्रेचाळीसही ठिकाणें तशींच होतीं. आमच्याकडून कांहींच बदललें नव्हतें. दुरुस्ती जशीच्या तशी बसविली, फक्त मोजमापाच्या कार्डापाशीं एक भर आम्हीं आमच्या पदरची घातली. पुढें असा घोटाळा झाल्यास सांपडावा म्हणून शेवटीं नोंदीसाठीं ६४ बाइट ठेवले. नंतर त्या मुलीला पत्र लिहिलें. ती आतां परदेशीं असते. झालेलें सर्व कळविलें, तिचें म्हणणें बरोबर होतें असें स्पष्ट लिहिलें, आणि नव्या ओळीची एक प्रतही सोबत जोडली. त्यांत थोडी शाबासकीची अपेक्षा होती हें नाकबूल करीत नाहीं.

तिचें उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें. आनंद झाला, सर्वांना नमस्कार, आईची प्रकृति आतां बरी आहे. शेवटीं दोन ओळी होत्या: "सर, ते ६४ स्ट्रक्ट-साइझच्या बाहेर साध्या अधिकानं मिळवले आहेत का? त्यासाठी साइझ-ॲड आहे."

आम्हीं कागद घेतला. मोठ्यांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. तींत चौसष्ट मिळविले. मावेना म्हणून हातचा सोडला. खालीं राहिले त्रेसष्ट. त्रेसष्ट बाइट मालक हंसत हंसत देईल.

ओळ आम्हीं त्याच रात्रीं बदलली, आणि बदललेली ओळ तपासावयाला तिच्याकडे पाठविली.